सल्ला हवा : कृत्रिम झडप असलेल्या आईची दाढ काढायची आहे, कोल्हापुरात कोणती काळजी घ्यावी?

धागाकर्ता (कसबा बावडा)

नमस्कार. माझ्या आईचे वय ५६ वर्षे आहे. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापामुळे तिच्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती आणि सहा वर्षांपूर्वी ती बदलून यांत्रिक झडप बसवण्यात आली. पूर्वी तिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागे. शस्त्रक्रियेनंतर त्याऐवजी पेनिसिलिनच्या गोळ्या रोज दोन वेळा सुरू आहेत. शिवाय रक्त पातळ ठेवण्यासाठी असिट्रॉमची गोळी रोज संध्याकाळी घेते आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप) तपासला जातो.

तिची डावीकडची खालची दाढ किडून वरचा भाग तुटला आहे आणि बाजूला दोन मुळे नुसतीच राहिली आहेत. हिरडी अधूनमधून सुजते. ज्या दवाखान्यात आधी गेलो तेथे झडपेविषयी सांगितल्यावर, "रक्त पातळ करण्याची गोळी पाच दिवस बंद करा, अमॉक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स पूर्ण करा आणि मग या," असे सांगण्यात आले. शस्त्रक्रियेच्या फाईलवर मात्र ही गोळी विचारल्याशिवाय बंद करू नये, असे लाल शाईने लिहिलेले आहे. आम्ही अद्याप काहीच सुरू किंवा बंद केलेले नाही. अशा रुग्णाचे दातांचे काम कोल्हापुरात कोठे करावे, आणि जाण्यापूर्वी आम्ही काय विचारावे?

प्रतिसाद १ (शाहूपुरी)

गोळी स्वतःहून बंद करू नका, ही पहिली विनंती. माझ्या मामांनी अशीच गोळी थांबवली होती आणि झडपेवर गुठळी झाल्यामुळे त्यांना रात्रीत अतिदक्षता विभागात न्यावे लागले. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय दाढेला हात लावू देऊ नका.

प्रतिसाद २ (दंतवैद्य, राजारामपुरी)

आपल्या आईंना तपासल्याशिवाय त्यांचे औषध ठरवणे योग्य होणार नाही. निर्णय कोणत्या विचाराने घेतला जातो, तेवढे सांगते.

आपल्या तोंडात व्हिरिडन्स गटाचे स्ट्रेप्टोकोकस जंतू नेहमीच असतात. दाढ काढताना किंवा हिरडीखाली साफसफाई करताना ते रक्तात उतरतात. निरोगी हृदयाच्या माणसात ते थोड्याच वेळात नष्ट होतात. परंतु कृत्रिम झडपेवर ते चिकटून वाढू शकतात आणि त्यातून हृदयाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोकार्डायटिस, होतो. पूर्वी हृदयाचा कोणताही दोष असला की प्रतिजैविक देण्याची पद्धत होती. २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ही यादी मुद्दाम लहान केली. कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीसाठी कृत्रिम साहित्य बसवलेले रुग्ण, पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेले रुग्ण, काही ठरावीक जन्मजात हृदयदोष असलेले रुग्ण आणि हृदयप्रत्यारोपणानंतर झडपेत दोष निर्माण झालेले रुग्ण एवढेच तीत उरले. ब्रिटनमध्ये तर २००८ साली असे प्रतिजैविक देऊच नये अशी शिफारस झाली आणि २०१६ मध्ये तिच्यात 'सरसकट' हा शब्द घालण्यात आला. म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा त्यातला एक अडाणीच असतो असे नाही. आपल्या आई मात्र सर्वाधिक जोखमीच्या गटात आहेत, याबद्दल शंका नाही.

प्रतिजैविक पाच दिवस घेण्याची गरज नसते. कामाच्या ३० ते ६० मिनिटे आधी एकच मात्रा दिली जाते. प्रौढांसाठी सामान्यतः २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन. सूज पसरली असेल, ताप असेल, तर उपचाराचा कोर्स लागतो, पण ती वेगळी बाब आहे.

आपल्या आईंच्या बाबतीत येथेच एक मेख आहे आणि ती फार वेळा नजरेतून सुटते. ज्यांना रोज पेनिसिलिन सुरू आहे त्यांच्या तोंडातले जंतू त्या गटाच्या औषधाला सरावलेले असू शकतात, त्यामुळे अमॉक्सिसिलिन त्यांच्यासाठी योग्य निवड ठरत नाही. अशा वेळी अॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे वेगळ्या गटातले औषध निवडतात. पूर्वी क्लिंडामायसिनही देत असत, पण २०२१ पासून त्याची शिफारस केली जात नाही. त्यामुळे पेनिसिलिनच्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. केवळ "हृदयाच्या गोळ्या चालू आहेत" एवढे सांगून भागणार नाही.

असिट्रॉमविषयी वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर तपासावा. तो ३.५ च्या आत असेल तर साधी दाढ गोळी चालू ठेवूनच काढता येते, कारण रक्तस्राव टाके, दाबून धरलेला गॉज आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचे द्रावण यांनी आटोक्यात येतो; झडपेवरची गुठळी तशी आटोक्यात येत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल घ्यावे, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको. मेट्रोनिडॅझोलमुळे आयएनआर एकदम वाढतो, म्हणून तेही कोणी सहज लिहून दिले तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

कोठे जावे, तर जो दंतवैद्य आपल्यासमोर हृदयरोगतज्ज्ञांना फोन करायला तयार आहे त्याच्याकडे. मुखशल्यचिकित्सक असल्यास अधिक बरे. रुग्णालयाच्या आवारातच काम व्हावे असे वाटत असेल तर सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयात चौकशी करा. नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयही आहे. वेळ सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्या, म्हणजे रात्री किंवा रविवारी रक्त आले तर धावाधाव होत नाही.

प्रतिसाद ३ (गडहिंग्लज)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण आपल्या उपयोगी पडेल असे वाटते. माझी महाधमनीची झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची आहे. वरच्या यादीत मी नव्हतो, आणि दातांचे कोणतेही काम केलेले नसताना मला हा संसर्ग झाला. हिरड्यांतून वर्षानुवर्षे रक्त येत होते. पेरू खाल्ला तरी चावल्याच्या जागी लाल डाग दिसे, आणि मी तो धुऊन पुढे खात असे. पुढे दीड महिना रोज संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम आणि वजनात घट. त्या काळात वेगवेगळ्या दवाखान्यांतून प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले, त्यामुळे शेवटी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) केले तेव्हा त्यात जंतूच उगवले नाहीत. टू-डी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेवरची जंतूंची वाढ दिसली आणि मग चार आठवडे रुग्णालयात शिरेतून औषध घ्यावे लागले.

म्हणून सांगतो, दाढ काढल्यानंतरच्या काही आठवड्यांत आईंना कारण न सापडणारा ताप आला, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करून घ्या. वेगवेगळ्या जागेवरून तीन नमुने घेतात. "झडप बदललेली आहे" हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. आई अनेक वर्षे मिश्री लावते. सकाळी चुलीपाशी बसून तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने हिरड्यांवर फिरवते; तिच्या उजव्या तर्जनीचे टोक कायम काळपट असते. ब्रश लावला की रक्त येते, म्हणून ती ब्रश टाळते. याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद २ (दंतवैद्य)

निश्चित आहे, आणि माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. सुजलेल्या हिरड्या असतील तर जेवताना घास चावला तरी जंतू रक्तात जातात, आणि ते दिवसातून कितीतरी वेळा घडते. दाढ काढण्याआधीची मात्रा त्या एका तासापुरती असते. उरलेल्या ३६४ दिवसांचे रक्षण स्वच्छ हिरड्याच करतात. मिश्रीमुळे हिरड्या मागे सरतात आणि शिवाय कर्करोगाचा धोका असतो. रक्त येते म्हणून ब्रश थांबवायचा नसतो. मऊ ब्रशने दोन वेळा, हळुवारपणे सुरू ठेवा. दाढेची जखम भरली की स्केलिंग (दातांवर साचलेला कीटण काढणे) करून घ्या, त्याच्याही आधी मात्रा लागेल. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करा. आईंना रागावून सांगू नका. इतक्या वर्षांची सवय सुटायला वेळ लागतो.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

कळवण्यास उशीर झाला, क्षमस्व. हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी पाहून अॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली आणि असिट्रॉम चालूच ठेवायला सांगितले. सोमवारी आयएनआर २.८ आला. मंगळवारी सकाळी मुखशल्यचिकित्सकांनी गोळी स्वतःसमोर घ्यायला लावली, पाऊण तास बाहेर बसवले आणि मग दाढ व उरलेली दोन्ही मुळे एकाच बैठकीत काढली, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रतिजैविक द्यावे लागू नये. तीन टाके घातले. द्रावणात भिजवलेला गॉज दाबून आई तासभर तेथेच बसून होती. दुसरा गॉज बदलला तेव्हा त्यावर फिकट गुलाबी डाग होता, बस. त्या संध्याकाळी असिट्रॉमची गोळी नेहमीच्या वेळी घेतली. आजवर ताप आलेला नाही; सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून वहीत लिहून ठेवतो आहोत.

मिश्रीची डबी अजून चुलीजवळच्या कोनाड्यात आहे, परंतु गेले अकरा दिवस तिने ती उघडलेली नाही. स्केलिंगची वेळ पुढच्या मंगळवारी सकाळी दहाची मिळाली आहे आणि त्यासाठीची गोळी आणून ठेवली आहे.