'आठवतंय म्हणजे माफच केलं नाही' म्हणे!

तळटीप
ख्रिस्ती उपवासकाळ लागला की ही पोस्ट फिरतेच: "जुनी जखम आठवत असेल तर तुम्ही क्षमा केलेलीच नाही. देव आपली पापं आठवत नाही, मग तुम्ही कोण?" खाली आमेनची रांग. अहो, यिर्मया ३१:३४ मधलं 'आठवणार नाही' म्हणजे देव विसरभोळा झाला असं नव्हे. ते पाप पुन्हा हिशेबात धरणार नाही, एवढंच. आणि मत्तय १८ सगळे २१व्या वचनापासूनच का वाचतात, पेत्राचं 'किती वेळा क्षमा करू?' आणि येशूचं '७० गुणिले ७' तेवढंच? १५ ते १७ कुणी गिळली? आधी एकट्याने जाऊन चूक दाखव, ऐकलं नाही तर एकदोन साक्षीदार ने, मग मंडळीला सांग, तरीही नाही तर तो तुला जकातदारासारखा, म्हणजे परका. विसरायचंच असतं तर साक्षीदार कशाला? भावांनी विकलेल्या योसेफानेही त्यांना लगेच ओळख दिली नाही. एका भावाला, शिमोनाला, अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून पाहिलं. भाऊ यहूदा धाकट्याच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

उपासक
याच पायऱ्या धरून भावकीत वीस-वीस वर्षं अबोला चालतो. "तो आधी येऊ दे." मार्क ११:२५ वाचा: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे समोरचा हजरसुद्धा नाही, पश्चात्ताप तर दूरच. आणि मत्तय १८ मधल्याच निर्दय चाकराच्या दाखल्यातलं गणित करा. एक टॅलेंट म्हणजे साधारण ६,००० दिनार, दिनार म्हणजे दिवसाची मजुरी. १०,००० टॅलेंट माफ झालेला माणूस १०० दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. सहा लाखांत एक!

हिशेबनीस
१०० दिनार म्हणजे तीन महिन्यांवर मजुरी. चिल्लर नव्हे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'ऋणे' म्हणतो ते मत्तयाच्या ग्रीकला धरूनच, 'पापे' लूककडे. मग ऋणाचंच बोलू. खजिनदाराने दानपेटीत हात घातला की पंचकमिटीत कुणीतरी हमखास '७० गुणिले ७' काढतो आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा खजिनदार. लेवीय ६ काय सांगतं? मुद्दल अधिक पाचवा हिस्सा मालकाला, मग दोषार्पण, म्हणजे देवाला अर्पण. मेंढरू चोरून कापलं तर चार परत, बैलाला पाच, जिवंत सापडलं तर दुप्पट (निर्गम २२). जकातदार जक्कयाने तर आपणहून चौपट लावले.

उपासक
कृपेच्या धाग्यात दंडाचा तक्ता! येशू जक्कयाकडे उतरला आधी, चौपट नंतर. लूक १९ मध्ये क्रम स्पष्ट आहे.

हिशेबनीस
उतरला, पैशाची पिशवी नाही सोपवली. ती शिष्य यहूदा इस्कर्योताकडे होती, आणि तो तिच्यातलं चोरायचा हे योहान १२:६ मध्ये लिहिलंय. क्षमा जरूर करा. पण मोजणी उपासना संपल्याबरोबर, दोघांनी, दोघेही एका घरचे नकोत. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, सह्या दोन, बँक उघडल्याबरोबर भरणा. वहीत नोंद करणारा तिसरा. जुना खजिनदार बाकावर बसेल, पेटीजवळ नाही.

उपासक
ही क्षमा नव्हे, निलंबन आहे. वर शास्त्राच्या आडून गाऱ्हाणं स्वतःच्या कमिटीचं!

वसईची सर
आमच्या कॅथलिकांकडे पापनिवेदनात पश्चात्ताप, कबुली, पापमुक्ती आणि प्रायश्चित्त. चोरलेलं परत करायची इच्छाच नसेल तर पश्चात्ताप खरा धरत नाहीत. परत निनावी केलं तरी चालतं. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ला गोळ्या झाडल्या, चार दिवसांत त्यांनी क्षमा जाहीर केली, २७ डिसेंबर १९८३ला तुरुंगात जाऊन भेटलेही. गोळ्या झाडणारा आग्जा तरी २००० पर्यंत इटलीच्या तुरुंगातच. सिस्टर राणी मारियांचा १९९५मध्ये खून झाला; त्यांच्या धाकट्या बहिणीने २००२मध्ये मारेकऱ्याला राखी बांधली ती तुरुंगात, त्याची सुटका २००६ची. निलंबनच म्हणायचं का हे?

खिडकीपाशी
चौपट-पाचपट आटोपलं असेल तर बायकांचंही बघा. मार खाऊन आलेलीला पाळक '७० गुणिले ७' सांगून त्याच घरी पाठवतात. पेत्राने किती वेळा क्षमा करू विचारलं, एका छताखाली राहू का, हे नाही विचारलं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट कलम १२चा अर्ज होतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत. कलम १८ने मारहाणीला मनाई, १९ने राहत्या घरातून हुसकावता येत नाही. अर्ज केल्याने क्षमा मोडत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराचा प्रश्न असेल तर त्यासाठीच्या पोक्सो कायद्याचं कलम १९: कळवणं बंधनकारक, 'मंडळीत मिटवलं' हाच गुन्हा.

आणि "सगळं माफ" असं मोघम म्हणू नका, ते टिकत नाही. कुणी, काय केलं, त्यात काय गेलं, हे आधी कागदावर. मग एकेका ओळीचा निर्णय. निर्णय एका दिवसात होतो, भीती अंगातून जायला महिने लागतात. सहा महिन्यांनी राग उसळला तर निर्णय मोडला असं नाही.

उपासक
मारहाणीचं मान्य, घरी पाठवणारा पाळक चुकतो. पण बाकीच्या शंभर भांडणांत मारहाण नसते हो, बांधावरची वीतभर जमीन असते.

तळटीप
लूक १७:३ मधल्या 'पश्चात्ताप केला तर क्षमा कर' वरून 'पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही' असं लिहायच्या बेतात होतो, मार्कच्या वचनाने ते अडवलं. घ्या, जिंकलात. पण बांधाला मत्तय ५:२३ लावा: अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे. तिथे उठून जायचंय ते दुखावलेल्याने नव्हे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. बांध सरकवणाऱ्याला ही पोस्ट पाठवलेली पाहिलीय कुणी?

हिशेबनीस
आणि जाताना भूमी अभिलेखात मोजणीचे पैसे भरूनच जा म्हणावं.