कृत्रिम भाषेत ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’साठी कोणते शब्द घ्यावेत?

प्रश्न (फोंडा): नववीच्या मुलांच्या तर्ककोड्यांसाठी छोटी भाषा बांधतेय. व्यंजनं प, त, क, स, म, न, ल. स्वर आ, इ, उ. प्रत्येक अक्षर व्यंजन अधिक स्वर. ‘आणि’ का, ‘किंवा’ कि, ‘जर-तर’ कु, नकाराला ना, असं ठरवलंय. चालेल का?

म्हापसा: का-कि-कु नको. तिन्ही शब्द वाक्यात एकाच जागी येतात, त्यामुळे गोंगाटात स्वर निसटला तर संदर्भावरूनही अर्थ सावरता येत नाही. व्यंजन आणि स्वर दोन्ही बदला. ‘कि’ ऐकलं की मुलं ‘चहा की कॉफी?’ असा प्रश्न समजतील. ‘ना’सुद्धा टाळा: कोंकणीत तो सरळ नकार, मराठीत ‘येतोस ना?’मध्ये होकाराची अपेक्षा, आणि आपल्या गोव्यातल्या वर्गात दोन्ही भाषांचे कान असतात.

माझी शिफारस: आणि = सा, किंवा (दोन्हीही चालतील) = पु, दोन्ही खरी किंवा दोन्ही खोटी = लि, नकार = मा. ‘जर-तर’ला वेगळा शब्द लागतच नाही. जोडशब्दाआधीचा मा डावं वाक्य नाकारतो, नंतरचा उजवं. क, ख ही कोणतीही दोन विधानं धरा. म्हणून ‘क मापु ख’ म्हणजे जर क तर ख, आणि ‘क लिमा ख’ म्हणजे दोहोंपैकी नेमकं एक. १९८७ पासून घडत गेलेल्या लोज्बान या तर्कशास्त्रावर आधारलेल्या कृत्रिम भाषेत हीच युक्ती आहे: चार स्वर, बाकी काम नकाराचं.

मडगाव: मापु घ्या, पण मुलांना आधीच सांगा की क खोटं असेल तर ‘क मापु ख’ आपोआप खरं ठरतं. ‘पाऊस पडला तर चोडण बेटाची फेरीबोट बंद’ हे विधान कोरड्या दिवशी फेरीबोट चालू असो वा बंद, खरंच. बोलण्यातल्या जर-तरमध्ये कारण दडलेलं असतं, ते इथे नाही. कारणासाठी निराळा शब्द ठेवा, नाहीतर सगळी कोडी वादात अडकतील.

कंसाचंही, म्हणजे तीन विधानांत आधी कोणती दोन जोडायची तेही, आत्ताच ठरवा. ‘क सा ख पु ग’मध्ये क खोटं, ग खरं असेल तर डावीकडून जोडल्यास उत्तर खरं, उजवीकडून जोडल्यास खोटं. डावीकडून हा एकच नियम पुरे. वाक्याच्या सुरुवातीचा मा फक्त पहिल्या विधानाला लागतो, हेही लिहून ठेवा.

प्रश्न (फोंडा): तीन संशयितांपैकी नेमका एक चोर, हे ‘क लिमा ख लिमा ग’ असं लिहू?

म्हापसा: नाही, इथे हमखास फसगत होते. तिन्ही खरी धरा: पहिल्या दोघांचं उत्तर खोटं, त्याला तिसरं जोडलं की खरं. म्हणजे तिघंही चोर असले तरी विधान टिकतं! ही साखळी ‘खऱ्यांची संख्या विषम’ एवढंच सांगते. ‘यादीतलं नेमकं एक’ यासाठी स्वतंत्र शब्द करा, समजा तुनि, तो यादीच्या आधी ठेवा: तुनि क ख ग. यादी कुठे संपते ते दाखवायला शेवटी एक अक्षर लागेलच.