मदत हवी आहे: आयसीयूत आईजवळ रात्री थांबता येईल का?
नमस्कार मंडळी. आई ८१ वर्षांची. घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, तेही उत्तम. पण दुसऱ्या रात्रीपासून ती भ्रमात आहे. दिवसा आम्हाला ओळखते, अंधार पडला की "गाई यायची वेळ झाली, सोडा मला" म्हणत सलाईन उपटते. म्हणून तिचे हात पट्टीने पलंगाला बांधलेत. चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत घालून आमच्याकडे परत दिलंय. ऐकू येत नाही, दिसत नाही, मग माणूस घाबरणार नाही तर काय!

डॉक्टर म्हणाले, हा डिलिरिअम, उतारवयात ऑपरेशननंतर होतो. ते पटलं. पण ओळखीचं माणूस जवळ असणं, चष्मा, कानाचं मशीन, रात्रीची शांत झोप यानं यात फरक पडतो, आणि भेटायला मिळतात जेमतेम दहा मिनिटं.

कुणी रात्री थांबायची परवानगी मिळवली आहे का? अर्ज कुणाकडे करायचा, सर्जनकडे की मेडिकल सुपरिटेंडंटकडे? बाहेरचे वृद्धरोगतज्ज्ञ तिथे येऊन तपासू शकतात का? आणि घरी आणल्यावर रात्रपाळीला मायेनं करणारी बाई कुणाच्या माहितीत असेल तर कृपया मेसेज करा.