सोंड की नाळ?
डोंगराची सोंड (खाली उतरत जाणारी धार) आणि नाळ (दोन धारांमधली खोलगट, चढती वाट) नकाशावर सारख्याच दिसतात, मग ओळखायच्या कशा, असं एकाने विचारलंय. दोन्हीकडे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) इंग्रजी व्हीसारख्या वळतात, म्हणून गोंधळ होतो. व्हीचं टोक चढाकडे असेल तर नाळ किंवा घळ, उताराकडे असेल तर सोंड. मात्र रेषांवरचे उंचीचे आकडे आधी वाचा, नाहीतर सगळं उलटं दिसतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांत दोन रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो. म्हणजे १५ मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांमध्ये लपू शकतो! सह्याद्रीत हे विसरून चालत नाही.

सरावाला राजगड घ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या (गडाच्या सोंडांवरचे तटबंदी असलेले सपाट भाग) नकाशातल्या रेषांवर बोट फिरवत शोधा. मला डोंगर कागदातून वर आलेला पहिल्यांदा तिथेच दिसला.