बाईकचे फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) इंचभर खाली घेतले, गुडघे सुटले. यात चुकलं काय?

मुळशीकर (मूळ धागा)

माझी उंची सहा फूट एक इंच. गाडी चारशे सीसीची, सीटची उंची ७९० मिमी. कोथरूडहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि पुढे श्रीवर्धन अशी फेरी महिन्यातून एकदा तरी होते. पौड मागे पडलं की उजवा गुडघा बोलायला लागायचा. आधी वाटीखाली टोचायचं. ताम्हिणी गाव येईपर्यंत दर दहा मिनिटांनी पाय पेगवरून काढून लांब सोडावा लागायचा. विळ्याला चहाला उतरलो की पहिली चार पावलं पाय ओढतच पडायची.

गेल्या महिन्यात २५ मिमी खाली येणारे पेग बसवले. परवा तीच फेरी केली आणि विळ्यापर्यंत एकदाही पाय सोडला नाही. घरी आल्यावर बर्फ लावला नाही.

आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी मात्र "कंपनीने विचार करून जागा ठरवलेली असते, तिला हात लावू नये" असं सुनावलं. माझं म्हणणं सरळ आहे: कंपनीने पेग सरासरी उंचीच्या माणसासाठी लावलेत. मी त्या सरासरीत बसत नाही. शर्ट मापाचा शिवून घेतला तर कुणी कपाळाला आठ्या घालत नाही, मग पेगलाच का?

घाटवाट

पूर्ण विरोध. कंपनी पेग उंच ठेवते ते गाडी वळणात झुकते म्हणून.

माझ्या गाडीवर टेप लावून बघितलं. गाडी सरळ उभी, वर मी बसलेला. पेगचं टोक जमिनीपासून ३१ सेंमी आणि चाकाच्या मध्यरेषेपासून ३६ सेंमी बाहेर. ढोबळ हिशेबाने पेग टेकायला गाडी साधारण ४१ अंश झुकावी लागते. टोक अडीच सेंमी खाली आणलं की हाच आकडा ३८ च्या जवळ येतो. अडीच अंश कमी वाटतील, पण वळणात सस्पेन्शन दबलेलं असतं, आणि त्यात मध्यावर खड्डा आला तर गाडी आणखी खाली बसते. वरंध घाटातल्या एका डाव्या वळणावर माझ्या मित्राचा पेग टेकला. त्याने दचकून गाडी सरळ केली आणि समोरच्या लेनमध्ये गेला. समोरून काही येत नव्हतं म्हणून तो आज आपल्यात आहे.

मुळशीकर

हिशेब मान्य. पण मी ताम्हिणीत चाळीस-पन्नासच्या वर जात नाही, पावसाळ्यात तर तीसच. त्या वेगाला गाडी ३८ अंश झुकतच नाही. आणि दुखरा पाय सावरायला ऐन घाटात एक पाय पेगवरून काढून चालवणं सुरक्षित होतं का? ते मी वर्षभर करत होतो, तेव्हा कुणी अडवलं नाही.

ओवी_सातारा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः चालवते, म्हणून लिहिते. गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितका वाटीमागचा दाब जास्त, हे खरं. पण दादा, एक इंचाने कोन किती उघडतो ते बघा. मांडी ४५ सेंमी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ४५ सेंमी, आणि खुब्यापासून घोट्याचं अंतर ५० सेंमी धरलं तर गुडघ्याचा कोन साडेसदुसष्ट अंशांच्या आसपास येतो. ते अंतर अडीच सेंमीने वाढवलं तर ७१ च्या थोडा पुढे. म्हणजे चार अंश. त्यातही पेग सरळ खाली जातो आणि खुबा थोडा मागे असतो, त्यामुळे हाती येतो त्याहूनही कमी.

चार अंशांनी आराम पडला असेल तर आनंदच आहे. पण वर्षभर वाटीखाली टोचत होतं, याचा अर्थ मांडीचे स्नायू आखडलेत का, ताकद कमी पडतेय का, हे कुणीतरी हात लावून तपासायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी आणखी एक इंच खाली घ्याल.

आणि सीट का नाही उंचावली? तुमच्या उंचीला पाय टेकायची अडचण नाही. तोच कोन मिळतो आणि पेग जिथल्या तिथे राहतो.

मुळशीकर

ताई, सीट आधी केली होती. नाना पेठेत २० मिमी फोम वाढवून घेतला. गुडघ्याला बरं वाटलं, पण समोरचा उतार वाढला आणि प्रत्येक ब्रेकला टाकीवर घसरायला लागलो. मनगटं भरून यायची. महिन्याभरात जुना फोम परत घातला. तपासणीचं मात्र पटलं, या आठवड्यात जाऊन येतो.

लेथ_आणि_पाना

सांगलीत बावीस वर्षं गॅरेज आहे. दोन्ही बाजू वाचल्या. वाद इंचावर चाललाय, पण माझ्याकडे गाड्या येतात त्या इंचामुळे नाही, अर्धवट कामामुळे.

पेग खाली गेला पण ब्रेक पेडल जागेवरच राहिलं, तर पेडल पायाच्या मानाने उंच होतं. मग घोटा वर उचलून ब्रेक मारावा लागतो, किंवा पंजा नकळत पेडलवर टेकून राहतो. दुसरा प्रकार वाईट. मागचा दिवा कायम पेटलेला, डिस्क तापलेली, आणि चालवणाऱ्याला पत्ता नाही. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा आला, म्हणाला गाडी ओढत नाही. मागच्या डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडाला. पेग नवे, पेडल जुन्याच उंचीला.

पेडल मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ब्रेकचं तेल दाबणारा पंप) रॉडवरून खाली घेता येतं, पण थोडी मोकळी हालचाल राहिलीच पाहिजे. ती संपवली तर ब्रेक धरूनच राहतो. त्यानंतर ब्रेकच्या दिव्याचा स्विच परत जुळवायचा. गिअर लिव्हरही तेवढाच खाली आणायचा, नाहीतर बुटाचं टोक लिव्हरवर चढत नाही आणि ऐन चढावर गिअर चुकतो.

दुसरी गोष्ट, पेग वरच्या बाजूला दुमडला पाहिजे आणि स्प्रिंगने परत आला पाहिजे. दुमडणारा पेग रस्त्याला टेकला तर वर उचलला जातो. घट्ट बसवलेला टेकला तर गाडीच पेगवर उचलली जाते आणि मागचं चाक सुटतं. मधे जोडपट्टी टाकून खाली आणलेले बरेच पेग मी असे बघितलेत. जोडपट्टीने ब्रॅकेटवर पडणारा पिळही वाढतो. खडीच्या रस्त्यावर उभे राहून चालवणाऱ्याचं सगळं वजन त्या एका पिनवर येतं, भोक लंबगोल होतं आणि पेग खडखडायला लागतो. पेग हाताने वर-खाली हलवून बघा. खडखडला तर तो पेग नको.

बारामती_बुलेट

कायद्याचंही बघा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सांगितलंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवलाय. पेगची नोंद आरसीत नसते, त्यामुळे कुणी थांबवेल असं वाटत नाही. पण अपघातानंतर विमा कंपनी काय शोधेल हे आपल्या हातात नाही. जुने पेग फेकू नका.

रानवारा

माझी उंची पाच फूट तीन. भावाने असेच पेग लावले आणि आता त्याची गाडी मला सिग्नलला नीट धरता येत नाही. पाय खाली टेकला की पेग नेमका पोटरीवर येतो, दोन्ही पायांवर काळेनिळे डाग पडलेत. घरात गाडी दोघं चालवत असाल तर दुसऱ्याला आधी विचारा.

घाटवाट

लेथ_आणि_पाना यांनी जे सांगितलं ते सगळं केलं तरी माझा विरोध कायम. घाटात कधीतरी वळण अंदाजापेक्षा आवळत जातं, आणि तेव्हा तिसात आहात की पन्नासात हे तुम्ही ठरवत नाही. मुळशीकर, एक काम करा. पेगच्या टोकाखाली बोल्ट असतो, पेग टेकला की आधी तोच घासतो. त्याला खाली वाकून बघा.

मुळशीकर

बघितलं. उजवा स्वच्छ आहे. डाव्याच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढी चकाकती घासल्याची खूण आहे. ती कधी पडली, मला कळलंसुद्धा नाही, आणि हेच मला सर्वात जास्त लागलं.

पेग हलवून बघितले, खडखड नाही, दुमडतातही नीट. पेडल मात्र जुन्याच उंचीला होतं. आज संध्याकाळी ते खाली घेतलं आणि अंधारात भिंतीवर दिवा पडतोय का ते बायकोला बघायला सांगून स्विच जुळवला.

या पेगला दोन भोकं आहेत, १५ आणि २५ मिमीची. उद्या १५ वर आणतो आणि सीटला फक्त पुढच्या बाजूला दहा मिमी फोम घालून उतार सपाट करून घेतो. काढून टाकणार नाही. रविवारी पुन्हा विळ्यापर्यंत जाणार आहे, बोल्टला दोन्हीकडे रंग लावून. घाटवाट, येणार असाल तर सकाळी सहाला चांदणी चौकात भेटा.