धीट, धीर, धाडस : रोमिओ आणि ज्युलिएटसाठी कोणता शब्द?

सातपूरकर : नमस्कार. आम्ही कॉलेजची मुलं नाशिकमध्ये 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधले काही प्रवेश मराठीतून बसवतोय. माहितीपत्रकात दोघांची ओळख एका वाक्यात द्यायची आहे. मी लिहिलं, "संकटात रोमिओ भित्रा ठरतो, ज्युलिएट धीट." दिग्दर्शक ताईंनी दोन्ही विशेषणांवर काट मारली आणि म्हणाल्या, आधी धीट, धीर, धाडस यांतला फरक बघून ये. मला तर हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. कुणी नीट समजावेल का?

गोदाकाठ : ताईंनी काट मारली ते योग्यच केलं.

'धीट' आला 'धृष्ट'वरून. 'धीर'शी त्याचं नातं नाही, फक्त कानाला ते जवळचे वाटतात. पाहुण्यांसमोर न लाजता कविता म्हणून दाखवणारं पोर धीट. तेच उलट बोलायला लागलं की आजी म्हणते, "फार धीट झालंय हल्ली." म्हणजे संकोच नसणं, भीड चेपलेली असणं. ज्युलिएट धीट आहेच, पण ती दुसऱ्या अंकात, सज्जातल्या प्रवेशात. चौदा वर्षंही पुरी न झालेली ही मुलगी लग्नाचा विषय स्वतःहून काढते. संकट तेव्हा अजून यायचं असतं.

'भित्रा' तर रोमिओला अजिबात चालणार नाही. सापडलो तर जिवंत सुटणार नाही हे माहीत असून तो कॅप्युलेटांच्या, म्हणजे ज्युलिएटच्या वैरी घराण्याच्या, बागेची भिंत ओलांडतो. मित्र मर्क्युशिओ मारला गेल्यावर त्याला मारणाऱ्या टिबॉल्टवर, ज्युलिएटच्या मामेभावावर, तलवार घेऊन धावतो. धाडस त्याच्याकडे भरपूर आहे. त्याच्याकडे नाही तो धीर.

क्रियापदं पाहिली की फरक लगेच दिसतो. धाडस आपण 'करतो'. एकदा केलं की झालं. धीर 'धरावा' लागतो. तो कुणी देतं, तो सुटतो, खचतो. धाडसाला क्षण पुरतो, धीराला वेळ लागतो. नाशिककरांना हे पुरात दिसतं. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलं की सराफ बाजारात धांदल उडते. पाणी बघायला पुढे पुढे जाणाऱ्याला आपण धाडसी म्हणू, फार तर आगाऊ. पण छातीत धडधडत असताना दुकानातला माल कोणत्या क्रमानं माळ्यावर न्यायचा हे डोकं ठिकाणावर ठेवून सांगतो, तो धीराचा माणूस.

आता तिसऱ्या अंकातले दोन प्रवेश शेजारी ठेवून वाच. ते एकापाठोपाठ एक येतात आणि बातमी एकच आहे : टिबॉल्ट मेला, रोमिओला हद्दपारी.

ज्युलिएटला ती दाईकडून कळते, तीही अर्धवट. आधी तिला वाटतं रोमिओच गेला. मग कळतं की त्यानं तिच्या मामेभावाला मारलं. ती भडकते, रोमिओला फुलांआडचा साप म्हणते. दाई सूर मिसळून त्याला नावं ठेवते तेव्हा मात्र ती थबकते आणि स्वतःशीच हिशेब मांडते : माझ्या नवऱ्यानं भावाला का मारलं असेल? कारण भाऊच नवऱ्याला मारणार होता. नवरा जिवंत आहे. मग मी रडते कशासाठी? रडू थांबत नाही, कारण हद्दपारी उरतेच. पण विचार चालू राहतो आणि प्रवेश संपताना ती दाईच्या हाती रोमिओसाठी अंगठी पाठवते.

रोमिओ लॉरेन्सबाबांच्या, म्हणजे दोघांचं गुपचूप लग्न लावणाऱ्या धर्मगुरूंच्या, कोठडीत जमिनीवर पडलेला आहे. दारावर थाप पडते, बाबा लपायला सांगतात, हा उठत नाही. मग खंजीर काढतो. बाबा त्याला झाडतात : पुरुष ना तू? ही आसवं बायकी आहेत! आणि मग त्याला समजावतात : ज्युलिएट जिवंत आहे, तुला मारायला निघालेला टिबॉल्ट मेला, कायद्यानं मृत्यूऐवजी हद्दपारी दिली. ज्युलिएटनं मघाशी जो हिशेब एकटीनं मांडला, बराचसा तोच इथं रोमिओला दुसऱ्यानं मांडून द्यावा लागतो. 'बायकी आसवं' हा शब्द शेक्सपिअरनं बाबांच्या तोंडी नेमका इथं घातलाय, ज्युलिएटचं ते रूप प्रेक्षकांनी नुकतंच पाहिलेलं असताना. तुमच्या निवडीत हे दोन प्रवेश नसतील तर कृपा करून घ्या.

अजून एक बारकावा. दाई सांगते, तीही अशीच पडून रडतेय. म्हणजे न रडणं म्हणजे धीर नव्हे. कालिदासानं 'कुमारसंभवा'त व्याख्याच दिली आहे : विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः. चित्त ढळायचं कारण समोर असूनही ज्यांचं ढळत नाही, तेच धीर. आपल्या नाट्यशास्त्रात नायकांचे चार प्रकार आहेत, धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत. चौघांतही 'धीर' आहेच. त्या मापानं पाहिलं तर या नाटकात नायकाचं हे लक्षण नायिकेकडे गेलंय.

पंचवटीकर : विवेचन पटलं, पण दोन शंका. तिसऱ्या अंकात तीच ज्युलिएट रात्र लवकर व्हावी म्हणून सूर्याला घाई करते. नवे कपडे आलेत पण सण उजाडत नाही, अशा पोरासारखी. ती अधीर नव्हे का? आणि शेवटी तीही खंजीर उचलतेच. मग धीर कुठे राहिला?

गोदाकाठ : पहिल्या शंकेला उत्तर हो. ती अधीर आहेच, पण मराठीत 'अधीर' हा दोष नाही. भेटीसाठी अधीर, निकाल ऐकायला अधीर असं आपण मायेनं म्हणतो. दोष 'उतावळा' या शब्दात आहे. त्याला गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा आपण उगाच नाही म्हणत. संकटात मात्र ज्युलिएट उतावळी होत नाही. घरच्यांनी ठरवलेल्या पॅरिसशी लग्नाला ती नकार देते तेव्हा बाप रस्त्यावर काढायची धमकी देतो, आई पाठ फिरवते, दाईसुद्धा पॅरिसशी लग्न कर म्हणते. त्यावर ती शांतपणे दाईला म्हणते, तू माझं छान समाधान केलंस, आणि तिला वाटेला लावते. बाबांकडे पॅरिस भेटतो, त्याला मोजून उत्तरं देते. ते लग्न टळावं म्हणून बाबांनी दिलेलं, बेचाळीस तास मृतवत ठेवणारं औषध हाती घेताना एकेक भीती पुढ्यात घेते : लागू पडलं नाही तर? हे विषच असलं तर? थडग्यात वेळेआधी जाग आली तर? वेड लागलं तर? आणि मग पिते. घाबरलेली आहे, पण धीर सुटलेला नाही.

हद्दपारीत माँटुआला गेलेल्या रोमिओचं वागणं पाहा. नोकर ज्युलिएट गेल्याची बातमी आणतो. रोमिओ त्याला विचारतो, बाबांचं पत्र नाही? नाही. "असू दे," म्हणतो आणि घोडे मागवतो. नोकर विनवतो, जरा धीर धरा. पण रोमिओ चाळीस डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, देऊन विष विकत घेतो आणि त्याच रात्री ज्युलिएटचं गाव, व्हेरोना, गाठतो. ज्युलिएट खरी मेलेली नाही हे कळवणारं बाबांचं पत्र निघालेलं होतं. साथीच्या भीतीनं निरोप्याला कोंडून ठेवलं म्हणून पोचलं नाही. त्या 'असू दे'वर तालमीत वेळ घालवा. सगळं नाटक तिथं फिरतं.

दुसरी शंका अवघड आहे. शेवटी थडग्यात जाग येते तेव्हा रोमिओ विष पिऊन मेलेला असतो, पहारेकऱ्यांची चाहूल लागते, बाबा पळून गेलेले असतात आणि ज्युलिएट क्षणभरही थांबत नाही. तिथं 'धीर' म्हणवत नाही. मी 'निर्धार' म्हणेन. निर्धार बऱ्याचा असतो तसा वाइटाचाही असतो, तो शब्द निवाडा करत नाही. तिची ती कृती मला थोर वाटत नाही. सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या पोरीची ती कृती आहे.

सातपूरकर : रोमिओला 'आततायी' लिहू का?

गोदाकाठ : नको. संस्कृतात आततायी म्हणजे मारायला शस्त्र उगारलेला. आपण तो शब्द टोकाचं वागणाऱ्यासाठी वापरतो, पण त्यात दुसऱ्याचं वाईट करायची छटा राहतेच. रोमिओच्या मनात तसं काही नाही. थडग्यापाशी पॅरिसलाही तो आधी निघून जा म्हणून विनवतो. असं लिहा : "रोमिओ धाडसी पण उतावळा, ज्युलिएट घाबरते, तरी धीर धरते." 'धरते'च ठेवा, 'धीराची' करू नका.