घरात इंग्रजीबंदी करून मराठी टिकते का?

पुणे३८:
सध्या जेरी मांजोनेचं 'माउंट अलेग्रो' वाचतोय. १९४३ चं पुस्तक, इटलीतून येऊन अमेरिकेत रॉचेस्टरला राहणारं सिसिलियन कुटुंब. आईचा नियम, घरात इंग्रजी बोलायचं नाही. आणि गंमत म्हणजे पोरगा लेखक झाला आणि हे सगळं लिहिलं इंग्रजीत! माझा भाचा न्यू जर्सीत, ताई दर रविवारी मराठी शाळेत नेते, आणि परवा आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं काय जेवलास रे, तर म्हणतो "आजी आय एट वरणभात". मग एवढा खटाटोप कशाला?

मृ_कर्वेनगर:
अहो वरणभात म्हणाला ना, अजून काय हवं :) आणि ते लोक तरी कुठे पुस्तकी इटालियन बोलायचे. इटली एक झाली १८६१ मध्ये, जो तो आपल्या गावची बोली घेऊन बोटीत चढला, तिकडे जाऊन त्यात इंग्रजी घुसलं. संडासाला 'बाकाउसो' म्हणायचे, म्हणजे बॅकहाउस! आता हा शब्द इटलीत कोणाला कळणार?

पेठेतला:
ब्राझीलचं बघा की. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये १८७५ पासून इटलीतल्या व्हेनेतोकडचे शेतकरी गेले, त्यांची बोली पोर्तुगीज मिसळून 'तालियान' झाली. १९२४ मध्ये तिकडच्या एका पेपरात 'नानेत्तो पिपेत्ता' नावाची गोष्ट त्याच बोलीत क्रमशः यायची, एका पाद्र्याने लिहिलेली. पुढे तिथला हुकूमशहा वार्गास याच्या राज्यात परकी भाषा बोलायला बंदी आली तरी टिकली, आणि २०१४ मध्ये ब्राझीलनेच तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कारण अख्खी वस्तीच आपली, शेजारी पण तेच बोलणार. तंजावरची मराठी पण अशीच राहिली, साडेतीनशे वर्षं, आपल्याला ऐकून हसू येतं ते सोडा. रॉचेस्टरच्या पोरांना मात्र दाराबाहेर पडलं की इंग्रजीच.

पुणे३८:
म्हणजे ताईने आता न्यू जर्सीत सदाशिव पेठ वसवायची का?

मृ_कर्वेनगर:
नको, तिथे पण दुपारी सगळं बंद राहील. खरं सांगू, भाचा चुकीचं मराठी बोलला की घरचे काय करतात?

पुणे३८:
मागच्या महिन्यात तो म्हणाला "डोकं दुखतो", आईने लगेच "दुखतो नाही, दुखतं" केलं. तेव्हापासूनच इंग्रजीत उत्तरं देतोय, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मृ_कर्वेनगर:
घ्या. दुखू दे की त्याचं डोकं पुल्लिंगी.

पुणे३८:
आईला सांगून बघतो. मराठीच्या शिक्षिका होत्या, अवघड आहे.